डिग्रीवाल्या चंपतरावांची बियर

तेलंगणातल्या आदिलाबादकडे, भीमपूर मंडळात म्हणजे तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडे जी गावं आहेत, त्यांतल्या एका गावात चंपतरावांना कोणी आडनावाने ओळखत नाही. डिग्रीवाले चंपतराव म्हटलं की लहान पोरही घर दाखवतं. ही डिग्री कॉलेजची नव्हे. कॉलेजची डिग्री आता घरटी एक आहे आणि तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. चंपतरावांची डिग्री म्हणजे दूध तपासायची काचेची नळी. खाली छर्रे भरलेलं जड पोट, वर बारीक मान आणि मानेवर आकडे. ती दुधात सोडली की उभी तरंगते आणि दूध मानेच्या ज्या आकड्याला टेकतं तो आकडा वाचायचा. पाण्याला हजार धरलं तर चांगलं दूध एक हजार तीसच्या आसपास भरतं, पण हजार कोणी म्हणत नाही, नुसतं तीस म्हणतात. पाणी घातलं की दूध हलकं होतं, नळी बुडते आणि आकडा उतरतो.

गावच्या दूध केंद्रावर चंपतरावांनी जन्म काढला तो हा आकडा वाचण्यात. सकाळी कॅन घेऊन लोक ओळीने उभे राहत. चंपतराव नळीला बोटांनी हलकी गिरकी देत, चिकटलेले बुडबुडे झटकत, एक डोळा मिटून दुधाच्या पातळीपर्यंत वाकत आणि आकडा मोठ्याने सांगत. "चोवीस" म्हटलं की समोरचा माणूस जमिनीकडे पाहू लागे. कोणी म्हणे, म्हैस काल नदीवर जास्तच पाणी पेली. चंपतराव म्हणत, मग उद्या तिले कमी पाजा आणि हे घरी घेऊन जा. स्वतःच्या मेहुण्याचं दूधही त्यांनी एकदा भर ओळीतून परत पाठवलं होतं. तो मेहुणा पुढची कित्येक वर्षं दिवाळीला आला नाही, आणि चंपतरावांनी त्याची वाटही पाहिली नाही. खोटा आकडा त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही, हे त्यांचे शत्रूही मान्य करत, आणि शत्रू भरपूर होते.

मग केंद्रावर मशीन आली. दूध ओतलं की ती आपोआप सगळं सांगते, आणि तिला मेहुणा नसतो. चंपतराव घरी बसले. नळी त्यांनी सोबत आणली आणि ती देवळीत उभी करून ठेवली. त्यांच्या बायको जयवंताबाई रोज दिवा लावताना तिच्यावरची धूळ पुसायच्या. नवरा बेकार झाला म्हणून त्याच्या हत्याराचा अपमान करायचा नसतो, एवढं त्यांना कळत होतं.

घरात दुसरं दुःख होतं ते जावयाचं. मुलगी नीलिमा हैदराबादला नोकरीला गेली आणि तिकडेच तिने वैभवला पसंत केलं. मुलगा मंचेरियलचा, बाप कोळशाच्या खाणीत, माणसं आपल्यातलीच. अडचण एकच, की तो ज्या मोठ्या हॉटेलात कामाला होता तिथे ताजी बियर तयार करून विकत, आणि ती करणाऱ्यांत हा एक. चंपतराव बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाले होते, "माह्यी पोरगी मी दारू गाळनाऱ्याच्या घरी देत नाही." लग्न झालं, कारण नीलिमाने ठरवलं होतं. पण ते वाक्य काही लग्नात जेवून निघून गेलं नाही. वैभव यायचा, पाया पडायचा, जेवायचा, आणि सासरा-जावई एकमेकांशी पाऊसपाण्यापलीकडे बोलायचे नाहीत.

अशातच यंदा दिवाळीनंतर वैभव गाडीत एक झाकणाचा ड्रम घालून आला. त्याच्या हॉटेलच्या मालकाने म्हटलं होतं, ज्वारीची चांगली बियर करून दाखव, तुझ्या नावाने विकू आणि तुला भट्टीचा प्रमुख करू. हैदराबादच्या भाड्याच्या घरात एकदा त्याने प्रयत्न केला, तर घरमालकीण वासाने भांडायला आली. शिवाय तिकडे उकडतं. चांगल्या बियरला थंडी लागते आणि हिवाळ्यात आदिलाबादसारखी थंडी साऱ्या तेलंगणात नाही. ज्वारी तर सासऱ्याच्या शेतातलीच. हे सगळं तो सासूशी बोलला, सासऱ्याशी नाही. याला सरकारी परवाना लागतो का, हे मात्र घरात कोणीच विचारलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नाही, ही आपल्याकडची जुनी सोय आहे.

जयवंताबाईंनी ज्वारीला ओल्या पोत्यात मोड आणून दिले, गच्चीवर वाळवले आणि हातांनी चोळून मोड झाडले. जाडसर दळण आलं. वैभवने त्यात विकतचे जवाचे दाणे भरडून मिसळले, सगळं मोठ्या पातेल्यात शिजवून गाळलं आणि कडू फुलांची एक पुडी टाकून पुन्हा उकळलं. घरभर पेजेचा वास सुटला. दारूचं नाव निघालं की जयवंताबाई कानांवर हात ठेवायच्या, पण पातेल्यात वाकून त्या म्हणाल्या, "ही तं आंबीलच झाली बाप्पा. यात कायचं पाप?"

रस निवल्यावर वैभवने एका उभ्या भांड्यात थोडा काढला आणि पिशवीतून एक काचेची नळी काढली. ओसरीवर बसून पेपर वाचायचं सोंग करणाऱ्या चंपतरावांचा पेपर खाली आला. तीच. तेच पोट, तीच मान. वैभव ती रसात सोडतो न सोडतो तोच सासरा उठून आला, त्याने जावयाचा हात बाजूला सारला, नळीला गिरकी दिली, एक डोळा मिटला आणि वाकला.

"पन्नास," चंपतराव म्हणाले.

"एक हजार पन्नास, मामाजी. बरोबर."

"हजार तं पान्याचेच असतात. वरचे पन्नास आपले."

वैभव पाहतच राहिला. हॉटेलात नवीन पोरांना ही गोष्ट समजवायला त्याचा अख्खा दिवस जात असे. "मामाजी, तुमाले ग्रॅव्हिटी बघता येते?"

"तुमी ग्रॅव्हिटी म्हना, आमी डिगरी म्हनतो. दुधात तीस म्हनजे चांगलं. तुमचा माल पन्नास. घट्ट हाय, जवाईबुवा. मानलं तुमाले."

दोघं हसले. नीलिमा दारातून पाहत होती, ती आत निघून गेली आणि आईच्या गळ्यात पडली. लग्नानंतर पहिल्यांदा बापाने तिच्या नवऱ्याला काही मानलं होतं.

रसात यीस्ट टाकून, झाकणावर पाण्याची वाकडी नळी बसवून ड्रम मागच्या कोठ्यात ठेवला गेला. वैभवला रजा नव्हती. तो म्हणाला, "मामाजी, आता जिम्मा तुमचा. माझी नळी इथंच ठेवतो. रोज खालच्या तोटीतून थोडं काढायचं, आकडा बघायचा आणि मला फोनवर सांगायचा. आता हा आकडा असा आहे, की रोज थोडा थोडा..."

"जवाईबुवा," चंपतरावांनी हात वर केला, "शेती शिकवा, फोन शिकवा. डिगरी मले नोका शिकवू."

 सासऱ्याला उशिरा आलेला हा आनंद मोडायचं वैभवच्या जिवावर आलं. नेमकी जी गोष्ट सांगायची होती ती त्या अर्ध्या वाक्यात अडकून राहिली आणि गाडी हैदराबादच्या रस्त्याला लागली.

मागचा कोठा म्हणजे कापसाची खोली. त्यात एका बाजूला चंपतरावांचा कापूस आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या सुधाकररावांचा. सुधाकररावांच्या घरी जागा कमी. म्हणून कैक वर्षांपासून त्यांचा कापूस इथेच पडायचा आणि कोठ्याची एक किल्ली त्यांच्या करगोट्याला असायची. मध्ये भिंत नाही, रेघही नाही. कुठला कापूस कुणाचा हे ढीग पाहून दोघांनाच कळायचं आणि कधी वाद झाला नाही. सुधाकरराव चार म्हशी पाळायचे. त्यांचं दूध एकतीसच्या खाली कधी उतरलं नाही. केंद्रावर त्यांचा कॅन आला की चंपतराव नळी सोडण्याआधीच "एकतीस" म्हणून टाकायचे, मग सोडायचे, आणि एकतीसच भरायचे. माणूस संध्याकाळी एखादा पेला घेणारा होता, ते काही लपलेलं नव्हतं. पण दुधाच्या बाबतीत त्याच्याकडे बोट दाखवायला गावात कुणाला जागा नव्हती.

पहिल्या दिवशी आकडा पन्नास भरला. चंपतरावांनी फोनवर ठणकावून सांगितला. नंतर शेहेचाळीस भरला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. त्या संध्याकाळी वैभवचा फोन लागला नाही. मग अडतीस. चंपतराव कापसाच्या ढिगावर बसले.

दुधाचा माणूस अशा वेळी जसा विचार करील तसाच त्यांनी केला. आकडा उतरला म्हणजे पाणी पडलं. ड्रमातली पातळी तर जवळजवळ होती तिथेच आहे. म्हणजे माल काढला आणि तेवढंच पाणी वर ओतलं. ही कला ज्याला येत नाही असा दूधवाला भारतात नाही. तरी खात्री करावी म्हणून, आयुष्यात कधी थेंब न घेतलेल्या चंपतरावांनी बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावलं. पहिल्या दिवशी रस गुळासारखा गोड होता. आता गोडी निम्मी राहिली होती. आणखी काय तहकीकात करायची? दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी झालं होतं.

संध्याकाळी वैभवचा फोन आला. "किती मामाजी?"

चंपतराव उभे राहिले. जावयाने जिम्मा दिला होता. ज्या घराने त्याला दारू गाळणारा म्हटलं त्याच घरात त्याचा माल चोरीला गेला, वर त्यात पाणी घातलं गेलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तो काय म्हणेल? माझ्या दारूला नावं ठेवणारे माझीच दारू पेले आणि पाण्याने भरून ठेवली.

"पन्नास," चंपतराव म्हणाले.

जन्मात पहिला खोटा आकडा, तोही जावयाला. फोन ठेवल्यावर त्यांनी देवळीतल्या नळीकडे पाहायचं टाळलं.

"पन्नासच?" वैभव दुसऱ्या दिवशी म्हणाला. "बुडबुडे येऊन राह्यले का वरच्या नळीतून?"

बुडबुडे गुटगुट गुटगुट येत होते, अख्खा कोठा त्यांनी जागा झाला होता. या बाबतीत चंपतराव खरं बोलू शकत होते आणि त्यांना फार बरं वाटलं. "बुडबुडे लय हायत. थांबतच नाहीत."

"बुडबुडे लय, आन आकडा पन्नास?"

"पन्नास."

हैदराबादेत वैभवने कपाळाला हात लावला. त्याच्या विद्येत असं होत नाही. त्याने सांगितलं, नळीच बिघडली असेल, साध्या पाण्यात सोडून बघा, बरोबर हजार यायला पाहिजे. चंपतरावांनी सोडली. बरोबर हजार. नळीवर संशय घेतला म्हणून ते थोडे नाराजही झाले. मग त्याने सांगितलं, थंडी जास्त झाली असेल, ड्रमला ऊब द्या. चंपतरावांनी कापसाचा ढीग ओढून ड्रम गळ्यापर्यंत पुरला. त्या उबेत यीस्टला असा काही हुरूप आला की दुसऱ्या दिवशी आकडा थेट पंचवीसवर गेला. "पन्नास," चंपतरावांनी कळवलं आणि चोराच्या निर्लज्जपणाला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

संशय आधी घरातच गेला. जयवंताबाई तांदूळ निवडत होत्या.

"तुमी तं नाही ना पाणी टाकलं ड्रमात?"

"मी?" त्या म्हणाल्या. "मले टाकाचंच असतं तं वाटीवाटीनं कायले टाकलं असतं? पुरा ड्रम मोरीत उलटा केला असता आन तुमाले सांगून केला असता."

हे खरंच होतं. बायकोचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. मग उरली दुसरी किल्ली.

तिथे चंपतराव दोन दिवस अडखळले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. सुधाकरराव कोठ्यात येत-जात होते, वेचणीचे दिवस होते, रोज एखादं गाठोडं येऊन पडायचं. संध्याकाळचा पेला त्यांना लागायचा. सगळं जुळत होतं, जुळत नव्हता तो फक्त माणूस. चंपतरावांनी एकतीसचा तो कॅन आठवला आणि मनाला विचारलं की हा माणूस पाणी घालील? मन नाही म्हणालं. मग त्यांनी ड्रमातला आकडा पुन्हा पाहिला. अठरा. माणूस खोटं बोलतो, नळी बोलत नाही, हे त्यांनी गावाला इतकी वर्षं शिकवलं होतं. आता आपलीच शिकवण मोडायची तर आधीच्या सगळ्या आकड्यांचं काय? त्यांनी कोठ्याचं कुलूप बदललं.

सुधाकरराव डोक्यावर गाठोडं घेऊन आले, तेव्हा किल्ली लागेना. ते उन्हात उभे राहिले. शेवटी जयवंताबाईंनी दार उघडलं आणि त्यांच्याकडे न पाहता आत गेल्या. लाज त्यांना वाटत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेजवळच्या चहाच्या हॉटेलात सुधाकररावांनी सरळ विचारलं, "चंपतराव, कुलूप काऊन बदललं?"

चार माणसं बसली होती. चंपतरावांनी बशीतला चहा संपवला. त्यांनी नाव घेतलं नाही. नाव न घेता बोलणं म्हणजे सभ्यपणा, असा त्यांचा समज होता. "कोठ्यातल्या मालात पाणी पडलं सुधाकरराव. डिगरी खोटी बोलत नाही. पाणी टाकनाऱ्याले किल्ली देता येत नाही."

 या गावात माणसाला चोर म्हटलं तर तो शिव्या देतो, दारुडा म्हटलं तर हसतो. पण चंपतरावांनी भर लोकांत पाण्याचं नाव काढलं की तोंडाला लागलेलं ते काळं नातवाच्या पिढीपर्यंत पुसलं जात नाही. सुधाकररावांनी चहा तसाच ठेवला. ते उठले. त्याच दुपारी त्यांनी बैलगाडी आणली आणि आपला सगळा कापूस कोठ्यातून काढून नेला. रस्त्यावर सांडलेला कापूस वेचत त्यांची सून मागून चालली होती. गावाने दारादारांतून पाहिलं.

आणि गंमत बघा, कुलूप बदललं त्याच सुमारास आकडा थांबला. बारा. परवा बारा, काल बारा, आज बारा. गुटगुटही मंदावली. चंपतराव मान हलवत म्हणाले, "पाह्यलं? किल्ली गेली, पाणी थांबलं." एवढा पुरावा तर कोर्टातही मिळत नाही. पण शेजारच्या अंगणातून आता हाक येत नव्हती, आणि संध्याकाळी ओसरीवर ते एकटेच बसत. जयवंताबाई चहाचा एकच कप आणायच्या.

पन्नास पन्नास ऐकून वैभव थकला. "मामाजी, राहू द्या," तो म्हणाला, "मी येतो रविवारी. काहीतरी माझंच चुकलं." त्याचा आवाज इतका पडलेला होता की चंपतरावांना रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी वैभव आणि नीलिमा दोघं आले. वैभव कोठ्यात गेला, कापूस बाजूला केला, तोटीतून नमुना काढला आणि नळी सोडली. चंपतराव दारातच थांबले, आत जायचा धीर झाला नाही. वैभव वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"मामाजी, हे तं बारा हाय."

"हाय," चंपतराव म्हणाले. मग सगळं एकदम बाहेर पडलं. "जवाईबुवा, माफ करा. मी जिम्मा घेतला आन सांभाळू नाही शकलो. कोनंतरी माल काढून पाणी टाकलं. रोज टाकलं. तुमी काय म्हनसाल म्हनून मी पन्नास सांगत राह्यलो."

वैभव हसला नाही, ही त्याची मोठी गोष्ट. तो कापसावर बसला आणि सासऱ्यालाही बसवलं. "मामाजी, पाणी कोनंच नाही टाकलं. रसात साखर होती, साखर जड, म्हनून पन्नास. यीस्ट ती साखर खाते आन तिची दारू करते. दारू पाण्याहून हलकी असते. म्हनून आकडा रोज उतरतो. उतरलाच पाहिजे. नाही उतरला तं माल बिघडला. बारावर येऊन थांबला म्हनजे तयार झाला." तो नळीकडे पाहत म्हणाला, "इतका चांगला तं आमच्या हॉटेलातही उतरत नाही. कापसात पुरलं म्हनून."

चंपतरावांनी पुन्हा विचारलं, कारण त्यांना एकदा ऐकून भागणार नव्हतं. "आकडा खाली येते म्हनजे पाणी नाही?"

"दुधात पाणी. यात नाही."

"आन गोडी गेली ते?"

"यीस्टनं खाल्ली."

"आन थांबला ते कुलपानं नाही?"

"खायाले साखरच नाही उरली, मामाजी. कुलूप कायचं करते?"

 मग वैभव जरा चाचरत म्हणाला, "खरं सांगू का? मले वाटलं तुमी पहिल्याच दिवशी ड्रम ओतून टाकला. दारू म्हनून. आन माझं मन राखाले रोज पन्नास सांगून राह्यले. मी रिकामा ड्रम न्यायले आलो होतो."

 आपण असं करू असं या पोराला वाटलंच कसं, म्हणून चंपतरावांना राग आला. लगेच त्यांना दिसलं की पोराने तर मनातल्या मनात संशय घेतला आणि मनातच ठेवला. आपण चार माणसांत बोललो.

दारात जयवंताबाई उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. "झालं?" त्या म्हणाल्या. "बियर तं भेटली. आता सुधाकरभाऊ कुठून आनता?"

वैभव आणि नीलिमा आनंदाने बाटल्या धुवायला लागले. चंपतरावांनी तोटीखाली पितळी तांब्या धरला, भरला, त्यावर फडकं टाकलं आणि उपरणं खांद्यावर घेऊन शेजारच्या अंगणात गेले. पंधरा पावलांची वाट, पण त्या दिवशी ती संपेना.

सुधाकररावांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कापूस बैठकीत होता, बाजेखाली होता, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. सुधाकरराव दाराबाहेर ओट्यावर बसले होते, कारण आत बसणार कुठे? त्यांनी चंपतरावांकडे पाहिलं आणि बसा म्हटलं नाही.

चंपतराव उभ्यानेच बोलले. साखर, यीस्ट, जड, हलकं, जसं समजलं तसं सगळं सांगितलं. "दुधाची अक्कल मी दारूले लावली. पाणी कोनंच टाकलं नोतं. माह्यं चुकलं सुधाकरराव. हॉटेलात बोललो, हॉटेलातच सांगतो, आत्ता चला."

सुधाकरराव ऐकत होते. त्यांनी तांब्यावरचं फडकं उचललं, वास घेतला आणि पुन्हा झाकलं.

"चंपतराव," ते म्हणाले, "पेलो मी."

"काय?"

"सुरवातीलेच. गाठोडं टाकाले आलो, तोटी दिसली. एक पेला पेलो. गोड होती, दारूसारखी लागली नाही. मग पुढं पाहू म्हनून आनखीन एकदा. तवा बरी लागली."

चंपतराव खाली बसले. म्हणजे चोरी झाली होती. नळीने जी चोरी ओरडून ओरडून सांगितली ती कधी झालीच नव्हती, आणि जी झाली ती नळीला कळली नव्हती. पेलाभर गेला काय आणि अर्धा ड्रम गेला काय, उरलेल्याचा आकडा तोच राहतो. किती गेलं हे डिग्रीला दिसत नाही, हे इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानात यायची कधी वेळ आली नव्हती.

"मग त्याच दिवशी काऊन नाही सांगतलं?" चंपतरावांनी विचारलं. "हॉटेलात म्हनाचं, पेलो म्हनून. मी काय फाशी देनार होतो?"

सुधाकररावांनी प्रथमच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमी चोर म्हनलं असतं तं मी तवाच हाव म्हनलो असतो. तुमी पाणी टाकनारा म्हनलं."

 चंपतरावांनी तांब्या ओट्यावर ठेवला, उपरणं डोक्याला बांधलं आणि बैठकीत शिरून कोठ्यात परत न्यायला कापसाचं पहिलं गाठोडं स्वतः उचललं.